घर घ्यायचे नसतानाही सॅम्पल फ्लॅट पाहावेत

घर घेण्याचा विचार पक्का होण्याच्या वर्षभर आधीपासून माणसाने घरे पाहत हिंडावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे बहुतेक कुटुंबे उलट्या क्रमाने जातात: आधी बँकेकडून किती कर्ज मिळेल ते कळते, मग गुढीपाडव्याची किंवा दसऱ्याची ऑफर येते आणि दोन-चार प्रकल्प घाईघाईने पाहून टोकन दिले जाते. ज्या व्यवहाराचे हप्ते वीस वर्षे फेडायचे असतात, तो एका शनिवार-रविवारात उरकला जावा, याचे मला खरोखर वाईट वाटते. पुण्यात बाणेरपासून वाघोलीपर्यंत कुठल्याही सेल्स ऑफिसात जाऊन सॅम्पल फ्लॅट, म्हणजे विकासकाने सजवून ठेवलेले नमुन्याचे घर, पाहायला एक पैसाही पडत नाही. नाव आणि मोबाइल नंबर मात्र लिहून घेतात आणि त्यानंतर फोन येत राहतात, पण तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

सॅम्पल फ्लॅट पाहताना खिशात मोजपट्टीची टेप हवीच. तिथला पलंग नेहमीच्या डबल बेडपेक्षा अनेकदा आखूड आणि अरुंद असतो, खोल्यांना दारे नसतात, कपाटांची खोली कमी असते आणि भिंतभर आरसा लावलेला असतो, त्यामुळे खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस भासते. समजा, बेडरूम १० फूट बाय ११ फूट आहे. साडेसहा फूट लांबीचा खराखुरा पलंग १० फुटांच्या दिशेने ठेवला आणि त्याच्या पायथ्याशी समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचे कपाट लावले, तर मध्ये जेमतेम दीड फूट जागा उरते. तेवढ्यात कपाटाचे दार उघडून समोर उभे राहायचे असते. हा हिशेब माहितीपत्रकातल्या नकाशावरून सहसा कोणी करत नाही, पण दहा-बारा घरे टेप लावून पाहिली की पुढच्या खोलीत पाऊल टाकताच तो आपोआप होऊ लागतो, आणि मला वाटते, हिंडण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

कार्पेट एरियाचेही, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळाचेही, तसेच आहे. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१६ च्या रेरा कायद्याने त्याची व्याख्या निश्चित केली. तिच्यात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, तर बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप वगैरेंसाठी सोडलेली पोकळी), बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली जाते. म्हणजे ७०० चौरस फूट कार्पेट असे लिहिलेल्या घरात खोल्यांचे प्रत्यक्ष वापरण्याजोगे क्षेत्रफळ त्याहून थोडे कमीच भरणार. शिवाय तेवढ्याच कार्पेटच्या दोन घरांपैकी एकात लांबलचक पॅसेज बरीच जागा खातो आणि दुसऱ्यात तीच जागा स्वयंपाकघराला मिळते. हा फरक आकड्यात दिसत नाही, घरातून चालताना कळतो.

सॅम्पल फ्लॅट पाहून झाल्यावर, आपल्याला देऊ करतात तो मजला प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा. हेल्मेट घालून कच्च्या इमारतीत चढावे लागले तरी हरकत नाही. खिडकीसमोर शेजारच्या विंगची भिंत येते का, दुपारचे ऊन कुठून शिरते, ड्राय बाल्कनीत (धुण्याभांड्यांसाठीच्या छोट्या बाल्कनीत) वॉशिंग मशीन खरोखर मावते का, हे तिथेच समजते. पार्किंगचा खांब आणि गाडीचे दार यांच्यात किती अंतर राहील, तेही त्याच फेरीत मोजून घ्यावे.

कोणत्या दिवसांत जावे, याचाही विचार करावा. जुलै-ऑगस्टमध्ये गेल्यास ओल, गळती आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर साचणारे पाणी दिसते. एप्रिल-मेमध्ये गेल्यास पाण्याच्या टँकरची रांग दिसते, जी पुण्याच्या उपनगरांत पाहायलाच हवी. पितृपक्षात बुकिंग करणे बरेच लोक टाळतात, त्यामुळे त्या पंधरवड्यात सेल्स ऑफिसे ओस असतात आणि माहिती देणाऱ्या माणसाला आपल्याशी निवांत बोलायला वेळ मिळतो. मला स्वतःला हे दिवस घरे पाहण्यासाठी उत्तम वाटतात.

त्याच ऑफिसात बसल्या बसल्या जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा. महारेराने, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, तो १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत सक्तीचा केला आहे. त्यावरून प्रकल्पाची नोंदणी, ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख, मंजूर नकाशे आणि नोंदलेले खटले पाहता येतात. ‘शेवटची काहीच घरे उरली आहेत’ असे कोणी सांगितले, तर किती घरांचे बुकिंग झाल्याची नोंद आहे, तेही तिथे तपासता येते.

रिसेलची घरेही याच फिरतीत पाहावीत, कारण वापरात असलेल्या इमारतीत दहा वर्षांनंतर लिफ्टचे, प्लास्टरचे आणि पाण्याच्या टाकीचे काय होते ते नव्या प्रकल्पात दिसू शकत नाही. किमतीची तुलनाही नीट होते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरावर तो ५ टक्के आहे, म्हणजे ८० लाखांच्या घरामागे ४ लाख.

प्रत्येक ठिकाणी कॉस्ट शीट, म्हणजे एकूण खर्चाचा तपशील, लिखित मागावी आणि सॅम्पल फ्लॅटचे फोटो परवानगी घेऊन काढून ठेवावेत. फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, उंची टाइल्स यांपैकी काय खरोखर मिळणार, हे करारनाम्याला जोडलेल्या यादीशी ताडून पाहावे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही, हेही पक्के लक्षात असू द्यावे. फोटो आणि माहितीपत्रक जपून ठेवण्याचे कारण कायद्यातच आहे: जाहिरातीवर, माहितीपत्रकावर किंवा नमुना सदनिकेवर विसंबून पैसे भरणाऱ्या ग्राहकाचे त्यातल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर रेराच्या कलम १२ नुसार त्याला विकासकाकडून भरपाई मागता येते.