पॅरिसचे हिरवे खांब आणि भिंतीवरची पोस्टरं

पॅरिसच्या फुटपाथवर ते गडद हिरवे जाडजूड खांब असतात ना, डोक्यावर नक्षीदार घुमट आणि अंगभर नाटक-सिनेमाची पोस्टरं, त्यांना कोलोन मॉरिस म्हणतात. गाब्रिएल मॉरिस हा तिथला छापखानेवाला, नाटकांच्या जाहिराती छापायचा, आणि १८६८ मध्ये हे खांब उभारायचं कंत्राट शहराने त्यालाच दिलं. म्हणजे पोस्टर छापणार तोच, लावायची जागाही त्याचीच, धंदा असावा तर असा! आयडिया मात्र मूळची बर्लिनची, तिथे एर्न्स्ट लिटफास या प्रिंटरने १८५५ लाच असे शंभर खांब उभे केले होते. पॅरिसमध्ये तर त्याआधी रस्त्यावरच्या मुताऱ्यांना बाहेरून जाहिराती चिकटवायचे, ते कोणी पोस्टकार्डावर छापत नाही एवढंच.

फ्रेंच पोस्टर म्हटलं की लगेच हा खांब दाखवतात, पण मला विचाराल तर खरी मजा भिंतींवर झाली. खांब नाटकवाल्यांसाठी राखीव, तिथे सगळं कसं शिस्तीत. भिंतीवर मात्र साबण, दारू, सायकल, कॅबरे सगळे एकमेकांच्या उरावर, सकाळी लावलेल्यावर संध्याकाळी दुसरा कोणीतरी खळ फासून आपलं चिकटवून मोकळा. २९ जुलै १८८१ च्या कायद्याने पोस्टर लावायला मोकळीक मिळाली आणि गंमत बघा, आज पॅरिसच्या भिंतींवर 'येथे जाहिराती लावू नयेत' लिहिलेलं असतं त्याच्याखाली तारीख याच कायद्याची!

अशा गर्दीत चालत्या माणसाची नजर धरायची तर बारीकसारीक लिहून भागत नाही. ज्यूल शेरे या चित्रकाराने रंगीत शिळाछापात हे आधी जमवलं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक छाप, आणि हवेत तरंगणाऱ्या हसऱ्या बायका. (आपल्याकडे रवि वर्मा प्रेसचे देवीदेवता याच तंत्राने छापले गेले, १८९४ पासून.) मग १८९१ मध्ये तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने मुलां रूझ या कॅबरेचं पोस्टर केलं, त्याचं पहिलंच. ते नीट बघा एकदा. मधे नाचणारी ला गुलू, तिचा पांढरा परकर म्हणजे चक्क कोरा कागद आहे, तिथे रंगच लावलेला नाही, पुढे एका उंच माणसाची करडी सावली, मागे प्रेक्षक म्हणजे नुसते काळे आकार, आणि वर कॅबरेचं नाव तीनदा पण त्या तिघांत मिळून 'एम' एकच, मोठ्ठा. कंजूषपणा म्हणा नाहीतर हुशारी, रस्त्यापलीकडून वाचता येतं की नाही?

अल्फोन्स मुखा या चित्रकाराचं तर सगळं घाईतच झालं. १८९४ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत सारा बर्नार्ट या नटीला 'जिस्मोंदा' नाटकासाठी अर्जंट पोस्टर हवं होतं, बाकी चित्रकार गावाला गेलेले, म्हणून काम याच्याकडे आलं. दोन मीटरहून उंच, अरुंद पोस्टर, १८९५ च्या जानेवारीत लागलं आणि बाईंनी त्याच्याशी थेट सहा वर्षांचा करार केला.

लोकांना या पोस्टरांचं इतकं वेड लागलं की रात्री ओली असतानाच सोलून न्यायचे, काहीजण चिकटवणाऱ्यालाच पैसे चारायचे. १८९५ ते १९०० मध्ये शेरेच्या देखरेखीखाली गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्या वर्गणीदारांना दरमहा मिळायच्या, एकूण २५६. घरात लावायला सोयीच्या, पण छोटं पोस्टर म्हणजे मला आवाज बंद केलेला बँडच वाटतो.

आणि हो, म्युझियममध्ये ओरिजिनल बघायला मिळालं तर कुठे कोपऱ्यात टॅक्सचा स्टॅम्प आहे का तेवढं शोधा. पोस्टरच्या साइझप्रमाणे सरकार पैसे घ्यायचं, त्यामुळे तो स्टॅम्प कधीकधी बिचाऱ्या नाचणारीच्या पायावरच बसलेला असतो.