फुटकी कवडी, आणि वीसला एक कमी

बालोगुन मार्केटमध्ये मी दुसऱ्यांदा हरवले तेव्हा मला कवड्या दिसल्या. लेगॉस आयलंडवरचा हा बाजार म्हणजे तुळशीबागेला दहाने गुणा, मधून हातगाड्या सोडा आणि प्रत्येक दुकानदाराला ‘कस्टमर!’ अशी हाक मारू द्या. गंमत म्हणजे आपणही दुकानदाराला ‘कस्टमर’च म्हणायचं. दोघंही गिऱ्हाईक, मग भाव कोणाच्या बाजूने पडायचा तो पडो.

एका म्हाताऱ्या ‘मामां’च्या (इथे मामा म्हणजे आई, वयस्कर बाईला अशीच हाक मारतात) टोपलीत झाडांच्या साली, मुळ्या, वाळलेली फळं, आणि शेजारी कवड्यांचा ढीग. आजीच्या गळ्यात असायच्या तशाच, पिवळट पांढऱ्या, पोटाशी दातेरी चीर. आजी आराधी होती. सोलापूरहून तुळजापूरला चालत जायची, नवरात्रात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची. कवड्यांच्या त्या माळेला तिने कधी कुणाला हात लावू दिला नाही. ती गेल्यावर माळ आईकडे आली आणि मी नायजेरियाला निघाले तेव्हा आईने ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकली.

तर मी हौसेने एक कवडी उचलली. पाठ फुटलेली. दुसरी उचलली, तीही तशीच. सगळा ढीगच फुटका. “मामा, सगळ्या फुटक्या कशा?” मामांना प्रश्नच कळेना. शेजारच्या दुकानातल्या मुलीने योरुबात, म्हणजे इकडच्या भाषेत, सांगितला तेव्हा त्या पोट धरून हसल्या. फोडल्याशिवाय ओवणार कशी? आजीच्या माळेतल्या कवड्यांना टोकाला बारीक भोकं पाडलेली आहेत. इथे सरळ पाठच उडवायची. आणि ओवल्याशिवाय मोजणार कशी? ज्या ‘फुटक्या कवडी’ला आपल्याकडे काडीची किंमत नाही, तीच योरुबा मुलखात शेकडो वर्षं चालणारं नाणं होती.

हिशेब असा. 40 कवड्यांची एक माळ. अशा 50 माळा म्हणजे एक ‘डोकं’, 2,000 कवड्या. दहा डोकी म्हणजे एक पोतं, 20,000 कवड्या, एका हमालाने डोक्यावर न्यायचं ओझं. या पोत्याला योरुबात ‘ऑके’ म्हणतात. मामा हे सांगत होत्या तेव्हा मी दर वेळी मान डोलवत होते, कारण मला वाटत होतं त्या ‘ओके?’ विचारतायत.

मग त्यांनी मला आकडे शिकवायला घेतले, आणि तिथे मी खरी चकित झाले. योरुबात वीस म्हणजे ‘ओगुन’. एकोणीस म्हणजे ‘ओकान-दिन-लोगुन’: एक, कमी, वीसला. आपण ‘एकोणीस’ म्हणतो त्यातही वीसला एक उणा, तेच. लहानपणी एकोणतीस, एकोणचाळीस पाठ करताना मी वैतागायचे की बाकीचं जग सरळ पुढे मोजतं, आपल्यालाच का उलटं. इथले लोक तर आपल्याही पुढे. अठरा म्हणजे वीसला दोन कमी, सोळा म्हणजे वीसला चार कमी, पंधरा म्हणजे वीसला पाच कमी. चाळीस म्हणजे दोन विसा. पन्नास म्हणजे साठला दहा कमी. आपल्या आज्या विसांवर मोजायच्या ते आठवलं. इथे कौलही कवड्यांवर लावतात. सोळा कवड्या टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या, किती पालथ्या, त्यावरून ओरिशाचं, म्हणजे देवाचं, म्हणणं काय ते ओळखायचं. या विद्येचं नावच मुळी ‘वीसला चार कमी’.

एवढं सगळं जमून आल्यावर माझी समजूत पक्की झाली की कवडी इथलीच, समोरच्या अटलांटिकमधली. घरी येऊन वाचायला बसले आणि तोंडघशी पडले. चलनातली ती छोटी कवडी इथल्या समुद्रात मिळतच नाही. ती आपल्या बाजूची, मालदीवची. आधी ती वाळवंट ओलांडून उत्तरेकडून थोडी थोडी यायची. पुढे युरोपियन जहाजं बंगालमधून आणि श्रीलंकेतून ती भरून नेऊ लागली. जहाजाला तळात वजन हवंच असतं, ते कवड्यांचं. आधी लंडन नाहीतर ॲमस्टरडॅम, तिथून पश्चिम आफ्रिका. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या इथे उतरल्या.

त्यांच्या बदल्यात काय गेलं, ते लिहिताना हात अडखळतो. माणसं गेली. लेगॉसच्या पश्चिमेला, बेनिनच्या सीमेजवळ बडाग्री नावाचं गाव आहे. तिथे वेलेकेते इथे माणसांचा बाजार भरायचा. खाडी ओलांडून वाळूतून समुद्राकडे जाणारी वाट अजून दाखवतात. आम्ही ती भर दुपारी चाललो. पायाखाली गरम वाळू, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, अगदी आपलं कोकण वाटावं असं. त्या रात्री मी आईने दिलेली माळ बॅगेतून काढली, जरा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. आमच्या कवड्या देवीच्या, त्यांचा याच्याशी संबंध नाही, हे खरंच. पण समुद्र तोच आहे.

पुढची गोष्ट अर्थशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी. 1845 नंतर युरोपियन व्यापाऱ्यांनी झांझिबारकडची स्वस्त, मोठी कवडी जहाजं भरभरून आणली. पैसाच किनाऱ्यावर ओतला म्हणा ना. भाव कोसळले आणि ज्यांनी आयुष्यभराची कमाई पोत्यांत भरून ठेवली होती त्यांची पोती जागच्या जागी हलकी झाली. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो, इथल्या माणसांनी तो प्रत्यक्ष भोगलाय. आग्नेयेकडच्या इग्बो लोकांच्या भागात आणि नायजर नदीच्या डेल्टात कवडीपेक्षा ‘मनिला’ चालायची, घोड्याच्या नालेसारखं पितळ-तांब्याचं कडं. तिचं तर 1948 साली ब्रिटिश सरकारने रीतसर भंगार केलं.

कवडीने माझी ‘असंच असणार’ म्हणून ठरवून टाकायची खोड मोडली असं वाटलं होतं, पण मोडायची अजून बाकी होती. ओनिकानच्या नॅशनल म्युझियममध्ये बहुतेक पाहुणे आधी नायजेरियाचे लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मोहम्मद यांची गोळ्यांनी चाळण झालेली मर्सिडीज बघायला जातात. 1976 साली त्यांची हत्या झाली तीच ही गाडी. मी मात्र इग्बो-उक्वू या गावी सापडलेल्या वस्तूंसमोर रेंगाळले. एक घडा आहे, तिवईवर ठेवलेला, आणि त्याभोवती दोरीची जाळी. आपण शिंक्यात मडकं ठेवतो तशी. जवळ गेल्यावर कळतं की दोरीसुद्धा धातूची आहे. प्रत्येक गाठ, प्रत्येक पीळ ओतीव. आधी नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, भाजून नमुना वितळवून टाकायचा आणि राहिलेल्या पोकळीत कासं ओतायचं. आपले मूर्तिकार मेणावर करतात तेच. नमुन्यासाठी इथल्या कारागिरांनी मेणाऐवजी झाडाचा चीक वापरला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. चिकाचा धागा ओढून बारीक पीळ देता येतो.

हे सापडलं कसं, तर 1938 च्या सुमारास आयझाया अनोझी नावाच्या गृहस्थांनी आपल्या आवारात पाण्याची टाकी खणायला घेतली आणि कुदळ धातूवर आदळली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वस्तू वाटून नेल्या. पुढे 1959-60 मध्ये पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी तिथे आणि शेजारच्या आवारांत शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. लाकडाने मढवलेल्या दफनकक्षात कुणी मोठी व्यक्ती बसलेल्या अवस्थेत, सोबत तांब्याचे अलंकार, हत्तीचे सुळे, आणि मणी. उत्खननाच्या तिन्ही जागांचे मिळून 1,65,000 च्या वर मणी. कालमापन केलं तर नववं शतक निघालं. म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करत होता तेव्हा. पोर्तुगीज या किनाऱ्यावर यायला अजून सहाशे वर्षं होती. पुष्कळ विद्वानांचा विश्वासच बसेना. एवढं तांबं आलं कुठून, बाहेरूनच आलं असणार! धातूची तपासणी झाली तेव्हा ते आग्नेय नायजेरियातल्याच खनिजाशी जुळलं. मण्यांमध्ये लाल अकीकही आहे. त्यातला काही आपल्या खंबायतकडून आला असेल का यावर अभ्यासकांत वाद आहे. मला मनातून तो खंबायतचाच निघायला हवाय. पण माझ्या ‘असणार’ची किंमत एव्हाना तुम्हाला कळली असेल.

हीच गत इले-इफेची. योरुबांच्या समजुतीप्रमाणे जगाची सुरुवात या गावात झाली. 1910 मध्ये लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक तिथे आला, धातूचं एक मस्तक आणि भाजक्या मातीची मस्तकं पाहिली आणि ही आफ्रिकनांची असूच शकत नाहीत, हे तर बुडालेल्या अटलांटिसचे ग्रीक अवशेष, असं ठरवून मोकळा झाला. 1938 मध्ये राजवाड्याजवळ घराचा पाया खणताना धातूची आणखी मस्तकं निघाली. गालांवर उभ्या बारीक रेघा, जड पापण्या, ओठ असे की आत्ता बोलतील. काही तर जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत, आणि शुद्ध तांबं ओतणं पितळेपेक्षा कितीतरी अवघड. हे सगळं बाराव्या ते पंधराव्या शतकातलं, इथल्याच हातांचं.

आणि काच! इफेत इग्बो ओलोकुन नावाची देवराई आहे (यातल्या ‘इग्बो’चा अर्थ योरुबात जंगल, इग्बो लोकांशी त्याचा संबंध नाही). ओलोकुन हा समुद्राचा आणि संपत्तीचा देव. तिथे काचेचे मणी आणि काच वितळवायच्या मुशींचे तुकडे ढिगाने मिळतात. बाहेरून आलेली काच फक्त वितळवून मणी पाडत असतील, असंच बराच काळ मानलं गेलं. रासायनिक तपासणीत दिसलं की ही काच वेगळीच, चुना आणि ॲल्युमिना दोन्ही भरपूर असलेली. बाहेर कुठेच अशी काच होत नव्हती. म्हणजे काच इथेच शिजत होती, किमान अकराव्या शतकापासून. निळ्या लांबट मण्याला ‘सेगी’ म्हणतात. बालोगुनमध्ये मणीवाल्या ताईंकडे मी सेगी मागितला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, “मॅडम, हे चीनचे आहेत. खरा सेगी विकत नसतात, तो आजीकडून येतो.”

इसेयिनला गेले तेव्हा मात्र मी सोलापूरकर म्हणून ताठ मानेने गेले. मागाचं आम्हाला काय सांगता? इबादानच्याही पुढे असलेलं हे गाव ‘आसो-ओके’ कापडाचं. पुरुष विणतात, आणि पन्हा वीतभरही नाही. अशा पट्ट्या विणून नंतर जोडायच्या. धोटा आणि फणी मी लगेच ओळखली. न ओळखता आला तो ताणा. तो मागावर गुंडाळलेला नसतो. समोर अंगणात पंधरा-वीस पावलं लांब पसरलेला, आणि टोकाला पाटीवर दगड ठेवलेला. कापड पुढे सरकेल तसा तो दगड खरडत खरडत विणकराकडे येतो. ओळीने दहा माग, दहा दगड, सगळे हळूहळू येतायत. मी कितीतरी वेळ नुसते दगडच बघत बसले. जुन्या प्रतिष्ठेच्या कापडांत सान्यान रानरेशमाचं, मातकट. अलारी किरमिजी. एतु गडद निळीचं. एतु म्हणजे गिनी कोंबडी, तिच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखं दिसतं म्हणून. बायकांचा माग वेगळा असतो, उभा आणि रुंद पन्ह्याचा.

इग्बो लोकांची ओळख घरातून झाली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या वडिलांनी जेवायला बोलावलं होतं. आधी आला तो कोला, चघळायचं एक बी, इग्बोत ‘ओजी’. आपल्या विड्या-सुपारीसारखाच मान, पण सोपस्कार जास्त. बशी सगळ्यांसमोरून फिरते, वडीलधारा माणूस हातात घेऊन प्रार्थना म्हणतो, आणि ती इग्बोतच, कारण ओजीला दुसरी भाषा कळत नाही म्हणे. बायकांनी तो फोडायचा नाही. (मी भुवया उंचावल्या. सहकाऱ्याच्या आईने हळूच माझ्याकडे बघून आणखी उंचावल्या.) फोडला तेव्हा चार पाकळ्या निघाल्या आणि सगळे खूश झाले. चार म्हणजे एके, ओरिये, आफो, न्क्वो, इग्बो आठवड्याचे चार दिवस. प्रत्येक गावाच्या बाजाराचा दिवस ठरलेला, म्हणजे व्यापारी आज इथे, उद्या शेजारच्या गावी. माणसांची नावंही त्यावरूनच. एकेला जन्मला तो ओकेके, आफोचा ओकाफोर, न्क्वोचा ओकोन्क्वो. आपल्याकडे बुधा, मंगळ्या असतात तसे. आमचे यजमान आजोबा स्वतः आव्का गावच्या लोहारांच्या घराण्यातले. रेल्वे, डांबरी रस्ते यायच्या कितीतरी आधी आव्काचे लोहार भाता-हातोडा घेऊन महिनोन्‌महिने गावोगाव फिरायचे. कुदळी, कोयते, घंटा घडवायचे आणि मग घरी परतायचे. मी कोला तोंडात टाकला. कडूजहर. “आधी कडू लागतो,” आजोबा म्हणाले, “मग पाणी प्या.” प्याले. पाणी खरंच गोड लागलं.

यंदा नवरात्रात इथल्या फ्लॅटमध्येच घट बसवला आणि माळ पुन्हा बाहेर काढली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या योरुबा मावशींनी ती पाहिली आणि हातातला पोछा टाकून बोटांनी एकेक कवडी सरकवत मोजायला बसल्या. मोजून झालं तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान हलवली. “मेजी-दिन-लोगोजी.” चाळीसला दोन कमी. अडतीस. “मॅडम, माळ पूर्ण नाही मा. दोन कुणी घेतल्या?”

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मीच काढल्यात गं. देवघरात ठेवल्यात. सगळीच्या सगळी माळ तेवढ्या लांब कशी पाठवणार होते?”