वजनाचं ऑपरेशन आणि मेडिक्लेम: माझा अनुभव

‘वजनाच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही’ हे मला ओळखीच्या निदान पाच-सहा जणांनी ठामपणे सांगितलं होतं. ते खरं नाही. मिळतो, पण अटींवर मिळतो, आणि त्या अटी आपल्या पॉलिसीच्या कागदांतच छापलेल्या असतात. माझी खरी दमछाक झाली ती त्या अटी कागदोपत्री सिद्ध करताना, म्हणून त्याबद्दलच जरा जास्त लिहिते.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३८च्या जवळपास. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असूनही एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) नवाच्या खाली येत नव्हतं. सकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की घाटकोपर यायच्या आत डोळा लागायचा. रात्री माझा श्वास मधेच थांबतो, हे आमच्या ह्यांनी सांगितलं, तेव्हा स्लीप स्टडी करून घेतली. तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला. सगळे रिपोर्ट बघून सर्जन म्हणाले, ‘तुम्हाला स्लीव्हपेक्षा बायपास बरा. तुमचा मुख्य प्रश्न शुगरचा आहे.’ (हा हृदयाचा बायपास नव्हे. स्लीव्हमध्ये फक्त जठर लहान करतात, बायपासमध्ये अन्नाची वाटही आतड्यात पुढे वळवतात.)

आता पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम. २०१९मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आरोग्य विम्यातून काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च सरसकट वगळलेला नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार हवी, पेशंट १८ वर्षं पूर्ण झालेला हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४०च्या मध्ये असेल, तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी एक तरी हवा, आणि वजन कमी करण्याचे साधे उपाय आधी करून फसलेले हवेत. हल्ली डॉक्टर याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो. पण विम्याचा आकडा ३५च आहे. शिवाय अनेक पॉलिसींमध्ये या ऑपरेशनला दोन-तीन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, तोही आधी बघून घ्या.

‘साधे उपाय फसले’ हे सिद्ध कसं करायचं? इथे मला तारलं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. त्यांच्या दवाखान्यात अजूनही पिवळं जाड कार्ड असतं. प्रत्येक वेळी कोपऱ्यात तारीख, खाली वजन, खाली बीपी, सगळं निळ्या बॉलपेनने. माझ्या कार्डाला मागून आणखी कार्डं स्टेपल केलेली होती. त्यात माझी कितीतरी वर्षं दिसत होती: ८४, ७९, ८३, ८८. वजन उतरलेलं, पुन्हा चढलेलं. ‘डाएट सुरू’, ‘चालणं रोज’, ‘गोळी बदलली’ अशा नोंदी. डॉक्टरांनी सगळ्या कार्डांच्या झेरॉक्सवर सही-शिक्का दिला. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्याच.

तरी कॅशलेसचा पहिला अर्ज नाकारला गेला. कारण एका ओळीचं: लठ्ठपणावरील उपचार समाविष्ट नाहीत. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरची, म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम बघणारी मुलगी म्हणाली, ‘ताई, सध्या पैसे भरा, नंतर रिइम्बर्समेंटला टाका.’ तिने चांगल्या भावनेने सांगितलं, पण मी नाही म्हटलं. ठरवून करायचं ऑपरेशन होतं, तारीख पुढे ढकलता येत होती. लाखांच्या घरातली रक्कम घालून वाट बघत बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं. सर्जनकडून नवं पत्र घेतलं. त्यात बीएमआय मोजल्याच्या तारखेसकट, दोन्ही आजारांची नावं कलमात आहेत तशीच्या तशी आणि आधी केलेल्या उपायांची यादी. हे सगळं कलमाचा क्रमांक घालून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केलं. मंजुरी येईपर्यंत जीव टांगणीला लागला होता, पण आली.

नसती आली तर पुढची वाट माहीत करून घेतली होती. आधी आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल. मुंबईचं लोकपाल कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही. आणखी एक सांगते. आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारला ते लिहून द्यावं लागतं. तोंडी ‘नाही’ ऐकून घरी जाऊ नका.

हॉस्पिटलचे दिवस भराभर गेले. त्याच संध्याकाळी सिस्टरांनी धरून चालवलं, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. शुगर दर काही तासांनी बघत होते आणि इन्सुलिनचा डोस उतरत होता. घरी आले ती फक्त गोळीवर. अजून वजन उतरलेलंही नव्हतं, पण अन्न आता लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जातं, आणि त्याने हार्मोन्सचं गणितच बदलतं. मला त्या वेळी रडू आलं होतं.

घरी मात्र खाणं नव्याने शिकावं लागलं. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या कपात ३० मिली नारळपाणी घ्यायचं आणि घोट घोट करत संपवायचं. मग डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. मऊ खाण्याची परवानगी मिळाली तेव्हा जाऊबाईंनी बोंबलाचं कालवण करून आणलं, बिनतिखट. बोंबील चमच्याने विरघळतो आणि प्रोटीनही मिळतं, म्हणून आहारतज्ज्ञांनीही होकार दिला. चपाती आणि मऊ भात अडकतात, ते बरेच महिने दूर होते. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. गणपतीत एक अख्खा मोदक खाल्ला आणि घाम, धडधड, पोटात पिळवटणं. याला डम्पिंग म्हणतात. आता चव बघण्यापुरता तुकडा घेते, आणि सासूबाई आग्रह करणाऱ्यांना स्वतःच थांबवतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. ते पुढे थांबलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये निदान दोन तास हवेत. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं बायपासनंतर चालत नाहीत, अल्सर होतो. दाताच्या डॉक्टरांनी सहज लिहून दिली होती, तेव्हा पर्समधली डिस्चार्ज समरी दाखवली आणि त्यांनी लगेच पॅरासिटामॉल दिलं. त्या समरीची एक प्रत कायम जवळ ठेवा.

पैशांचं शेवटचं: ग्लोव्हजसारख्या वस्तूंचे पैसे कापले गेले. प्रोटीन पावडर मिळत नाही. पण आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरले होते, त्यात तपासण्या आणि औषधांची बिलं प्रिस्क्रिप्शन जोडून टाकली, ती मंजूर झाली. रूमच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर इतर काही खर्चही त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात, म्हणून आम्ही ट्विन शेअरिंगच घेतली होती.

आता वजन ६४ किलो आहे. परवाच्या तपासणीत बी१२ नीट आलं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं, म्हणून लोहाचा डोस वाढवलाय. पुढची तपासणी दिवाळीनंतर.