कुलूप

"सर, गेटला पोरांनी कुलूप लावलंय," शिपायाचा सकाळी साडेनऊला फोन. दुसऱ्या दिवशी बी.ए.चा पहिला पेपर, आणि 43 जणांचं हॉलतिकीट आलेलं नाही. बीड जिल्ह्यातल्या या कॉलेजात मी प्राचार्य.

पोचलो तर दोन प्राध्यापक म्हणत होते, पोलिसांना बोलवा. मी आधी कुलूप पाहिलं. नवंकोरं होतं. 1992-93 साली मी जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला जनरल सेक्रेटरी होतो, तेव्हा आम्ही लावलेलं कुलूप उधारीचं होतं. दुकानदार पैसे मागायला थेट ठिय्यात येऊन बसला होता.

मीही पोरांसमोर पायरीवर बसलो. "निवेदन कुठंय?"

सगळे गप्प. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरवला होता, कागद कुणाकडंच नव्हता. मी म्हणालो, 43 जणांची नावं, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, विषय लिहा, खाली सह्या करा आणि ऑफिसात देऊन आवक क्रमांक घ्या. एक मुलगी म्हणाली, "पण सर, तक्रार तर तुमच्याच विरोधात आहे की!"

"मग माझ्याच नावानं लिही."

हे मला एम.ए.त कुणी शिकवलं नव्हतं. जीएस असताना एका हेडक्लार्कनं तीन वेळा हाकललं, चौथ्यांदा म्हणाला, "आवक क्रमांक सांग, मग बोल." प्राध्यापकीच्या मुलाखतीला निघालो तेव्हा 'अर्जात जीएस लिहू नको, भांडखोर समजतील' असा सल्ला मिळाला. मी लिहिलं नाही. आजही थोडी लाज वाटते.

1994च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या, मार्कांवर प्रतिनिधी नेमणं सुरू झालं. 2016च्या कायद्यात निवडणूक परत आली म्हणतात. आमच्या कॉलेजात मतपेटी काही आलेली नाही. या पोरांना निवडणूक हरायचीही संधी मिळालेली नाही, मग निवेदन कुठून येणार?

यादी हातात आल्यावर घोळ सापडला. परीक्षेचे अर्ज आमच्याच कॉलेजच्या लॉगिनला मंजुरीवाचून पडून होते, बघणारा क्लार्क रजेवर. म्हणजे पोरांचं खरंच होतं. मंजुरी दिली, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला फोन लावला. "उद्या बघू." उद्या तर पेपर! यादी मेल केली आणि दर अर्ध्या तासाला फोन लावत राहिलो. संध्याकाळी सातला प्रिंटर सुरू झाला.

शेवटचं हॉलतिकीट घेऊन ती मुलगी थांबली. मला वाटलं, आभार मानणार.

"सर, कुलूप द्या ना. वर्गणीचं आहे."