तुरीतून युरिएज काढताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी तुरीच्या बियांतलं युरिएज घेतलं. हे एन्झाइम युरियाचं विघटन करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. १९२६ साली जेम्स समनर यांनी जॅक बीन या शेंगवर्गीय वेलाच्या बियांतून याचेच स्फटिक मिळवले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना १९४६चं नोबेल मिळालं, हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्यांनी ॲसिटोन का वापरलं असेल, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

अख्खी तूर रात्रभर भिजवायची, सकाळी खलात गार फॉस्फेट बफर घालून वाटायची, मलमलीतून गाळून सेंट्रिफ्यूज करायची. सगळं बर्फावर. बफरमध्ये ईडीटीए आणि मर्कॅप्टोइथेनॉल हवंच, कारण जड धातूंचा अंश किंवा ऑक्सिडेशन या एन्झाइमला सोसत नाही. त्या मर्कॅप्टोइथेनॉलचा वास आंघोळ केली तरी हाताला येत राहायचा.

पुढची पायरी प्रथिनं खाली बसवण्याची. सगळे करतात तसं मीही अमोनियम सल्फेट वापरलं, साका बफरमध्ये विरघळवला, मीठ निघून जावं म्हणून पातळ पडद्याच्या पिशवीत भरून चार तास बफरमध्ये ठेवला (डायलिसिस) आणि अमोनिया असेल तर रंग देणारं नेसलर अभिकर्मक घालून मापन केलं. नळीत गडद नारिंगी रंग आला. मला फार आनंद झाला. हिशेब मांडला तर यील्ड, म्हणजे मूळ अर्काच्या तुलनेत हाती आलेलं एन्झाइम, ३४० टक्के! मूळ अर्कात होतं त्यापेक्षा तिप्पट एन्झाइम आलं कुठून?

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वही पाहिली आणि विचारलं, "युरिया न घालता एक नळी लावली होतीस का?"

"नाही मॅडम. कच्च्या अर्काला लावली होती, तिच्यात रंग आला नाही. म्हणून मग इथे नाही लावली."

"आत्ता लाव."

लावली. तोच रंग, तितकाच गडद. नेसलरला अमोनिया कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. मी मोजत होते तो माझ्याच मिठातला, अमोनियम सल्फेटमधला, अमोनियम होता. तीन आठवड्यांचे आकडे मी वहीत एक तिरकी रेघ मारून रद्द केले, आणि फार वाईट वाटलं.

दोन दिवस डायलिसिस करून मीठ घालवता आलं असतं, पण तेवढ्यात एन्झाइम मंदावत होतं. म्हणून ॲसिटोनवर आले; तेही प्रथिनं खाली बसवतं, पण त्यात अमोनियम नसतो. फ्रीझरमध्ये गार केलेलं ॲसिटोन, थेंबथेंब, हळूहळू ढवळत. घाई केली की प्रथिनं बिघडतात. मग विरघळवलेला साका ४८ अंशांवर वीस मिनिटं ठेवला. इतर प्रथिनांच्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या आणि वरचं द्रावण नितळ झालं. ते दृश्य मी दर वेळी थांबून पाहायचे. त्यानंतर प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल फिल्ट्रेशन, मग विद्युतभारानुसार वेगळी करणारा डीईएई-सेल्युलोजचा स्तंभ.

यील्ड या वेळी २२ टक्केच, पण खरा. केएम (ज्या युरियाच्या प्रमाणाला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ते) आला ३.१ मिलिमोलर, जॅक बीनच्या युरिएजच्या जवळपासचा. सर्वाधिक क्रिया ७.३ पीएचला. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर ९० किलोडाल्टनच्या आसपास एकच निळा पट्टा दिसला, म्हणजे इतर प्रथिनं उरली नव्हती. युरिया न घातलेली नळी आता शुद्धीकरणात मिळणाऱ्या प्रत्येक फ्रॅक्शनला (भागाला) लावते. ती अजून तरी फिकटच राहिली आहे.