दोषी ठरला, पण सुटला

फौजदारी न्यायालयात ‘आरोपी दोषी आहे’ हे वाक्य उच्चारले गेल्यापासून शिक्षा सुनावली जाईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात आरोपीला कोणीच काही समजावून सांगत नाही. गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने माझ्याकडे सोपवलेल्या एका प्रकरणाचा निकाल लागला, त्या दिवशी ही उणीव मला जितकी टोचली तितकी पूर्वी कधीच टोचली नव्हती.

आरोपी विशीतला मुलगा होता आणि बांधाच्या वादातून चुलत्यावर कोयत्याने वार केल्याचा त्याच्यावर आरोप होता. पोलिसांनी कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावले होते. घटना भारतीय न्याय संहिता लागू होण्यापूर्वीची, त्यामुळे खटला जुन्या दंड संहितेखालीच सत्र न्यायालयात चालला. आरोपीने पोलिसांना कोयता काढून दिल्याच्या पंचनाम्याचे दोन्ही पंच फितूर झाले. आमच्याकडे हे इतके नेहमीचे आहे की सरकारी वकील त्यांचा उलटतपास घेताना मान वर करून पाहतसुद्धा नाहीत. खरी लढाई वैद्यकीय पुराव्यावर होती. डॉक्टरांच्या उलटतपासाची तयारी मी फार मन लावून केली होती, आणि त्यातून तीन गोष्टी नोंदीवर आल्या: जखम एकच आहे, ती डाव्या हाताच्या कोपराखाली बाहेरच्या बाजूला आहे, आणि हाडाला धक्का लागलेला नसल्यामुळे इजा साधी आहे. हातात कोयता असताना, समोरचा माणूस खाली पडलेला असताना आणि अडवायला कोणी नसताना ज्याने दुसरा वार केला नाही, त्याचा उद्देश जीव घेण्याचा होता असे म्हणता येणार नाही, हा माझा युक्तिवाद त्या तीन उत्तरांवर उभा होता. मात्र जखमी साक्षीदाराचा शब्द न्यायालय सहजी बाजूला सारत नाही, आणि चुलते आपल्या जबाबावर ठाम राहिले होते.

निकालाच्या दिवशी पुकारा झाला, मुलगा पिंजऱ्यात उभा राहिला आणि न्यायाधीशांनी सांगितले की कलम ३०७ खालचा गुन्हा शाबीत होत नाही, परंतु धारदार हत्याराने दुखापत केल्याबद्दल कलम ३२४ खाली आरोपी दोषी आहे. लगेच त्यांनी विचारले, “शिक्षेबाबत तुला काही सांगायचे आहे का?”

मुलगा म्हणाला, “साहेब, मी मारलेलं नाही.”

न्यायाधीशांनी तेच उत्तर लिहून घेतले. हे उत्तर मी अनेक आरोपींच्या तोंडून ऐकले आहे. गुन्हा घडला की नाही हा प्रश्न काही क्षणांपूर्वी निकाली निघाला आहे, आता फक्त वय, घरची परिस्थिती, पूर्वीची वागणूक एवढेच बोलायचे आहे, हे त्यांना माहीतच नसते. या खटल्याला लागू असलेल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) ने शिक्षेबाबत बाजू मांडण्याचा हक्क दिला आहे. तो डावलला गेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली संतासिंग प्रकरणात फाशीची शिक्षा रद्द करून खटला शिक्षेच्या सुनावणीसाठी परत पाठवला होता. असा हक्क एका ओळीच्या प्रश्नात आणि एका ओळीच्या उत्तरात संपतो, याला मी सुनावणी मानत नाही. मी वेळ मागितला आणि न्यायाधीशांनी दुपारच्या सुट्टीनंतरची वेळ दिली.

तोवर मुलाला ताब्यात घेतले गेले. हवालदाराने त्याला मोबाइल आणि पाकीट घरच्यांकडे द्यायला सांगितले. वडिलांनी दोन्ही वस्तू हातात घेतल्या आणि मला विचारले, “मॅडम, शिक्षा तर अजून सांगितलीच नाही, मग बसवून का ठेवलंय?” मी म्हटले, “काका, दोषी ठरला की जामीन संपतो.” त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना उमगले असावे असे मला वाटले नाही.

दुपारी मी परिविक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ चा, म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या तरतुदीचा, आधार घेतला: पहिलाच गुन्हा, कोवळे वय, आणि शासकीय नोकरीची लेखी परीक्षा तो नुकताच उत्तीर्ण झालेला. न्यायाधीशांनी ते मान्य केले आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडले. बाहेर येताच वडील फोनवर सगळ्यांना सांगू लागले, “सुटला, सुटला.”

मी त्यांना थांबवले नाही. मुलाला मात्र बाजूला घेऊन सांगितले की तुला तुरुंग झालेला नाही, पण तू निर्दोषही सुटलेला नाहीस. तेव्हा त्याने जे विचारले, त्यासाठीच मी हे लिहीत आहे. नोकरीसाठी उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात ‘कोणत्याही न्यायालयाने आपणास दोषी ठरविले आहे काय?’ असा रकाना होता. “शिक्षाच झाली नाही, तर ‘नाही’ लिहू ना, मॅडम?”

‘नाही’ लिहायचे नाही, हे मी त्याला तिथेच बजावले. माहिती दडवणाऱ्या उमेदवाराची नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात सांगितले आहे. परिविक्षा अधिनियमाचे कलम १२ म्हणते की परिविक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. परंतु त्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि त्यामागचे वर्तन विचारात घ्यायला नोकरी देणाऱ्याला मोकळीक राहते. म्हणजे खरे लिहिले तर नेमणूक होईलच असे नाही, आणि खोटे लिहिले तर ती कधीही जाऊ शकते. रकान्यात ‘होय’ आणि ‘नाही’ एवढेच पर्याय होते. ‘होय, परंतु परिविक्षेवर मुक्त’ असे लिहून निकालाची प्रत जोडायला मी सांगितले. असा नमुना तयार करणाऱ्यांना कलम १२ ठाऊक असते, तर त्यांनी त्यासाठी निदान एक ओळ मोकळी ठेवली असती.

राहता राहिले अपील. उच्च न्यायालयात जायला साठ दिवसांची मुदत आहे. मुलाला डागच नको आहे आणि वडिलांना पुन्हा कोर्टाची पायरी चढायची नाही. चुलत्यांच्या जबाबाबाबतचे माझे मुद्दे अपिलात टिकतील असे मला वाटते. पण कलम ३०७ खालच्या सुटकेविरुद्ध शासनही अपील करू शकते, आणि आपण शांत राहिलो तर ते कदाचित करणार नाही, हा विचार मला सोडत नाही. मुलगा प्रत घेऊन पुन्हा येऊन गेला. दोन्ही धोके मी त्याच्यापुढे मांडले आहेत आणि निर्णय त्याने घ्यायचा आहे. अपिलाचा मसुदा मी लिहायला घेतला आहे.