शिवलेला पट

आमच्या गावात बुद्धिबळाचा पट शिवलेला होता. शिवला होता टेलर आप्पांनी. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवून झाले की चड्डीची खाकी आणि सदऱ्याची पांढरी चिंधी ढिगाने उरायची. त्यातून बत्तीस खाकी आणि बत्तीस पांढरे चौकोन कापून त्यांनी मशीनवर जोडले, खालून जुन्या चादरीचं अस्तर लावलं आणि चारही बाजूंनी गोट मारला. पुढे पांढरी घरं हातांच्या तेलाने मळत गेली, खाकी घरं धुऊन धुऊन विटत गेली. शेवटी दोन्हींचा रंग जवळपास एकच झाला. संध्याकाळी लाइट गेली की घर कुठे संपतं ते शिवणीवरून बोट फिरवून ठरवावं लागे. काळ्यांचा वजीर फार पूर्वी हरवला होता. त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ असायचं. ते सगळ्या सोंगट्यांपेक्षा उंच. आम्ही पोरं काळं घ्यायला भांडायचो ते त्या रिळासाठी.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरीकाठचं. आमच्याकडे खरा खेळ पत्त्यांचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी चालतात आणि पुरुष उघडपणे पत्त्यांना बसतात. त्या दिवशी कुणी कुणाला बोलत नाही. आप्पा मात्र आखाजीलाही ओट्यावर पट पसरून एका गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे. गिऱ्हाईक म्हणजे समोर बसणारा. पत्त्यांना सहा जण सहज जमतात, बुद्धिबळाला दुसरा एक मिळायची मारामार.

ते देशी डाव खेळत. प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालणार. कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र खेळी, नाही. त्याऐवजी राजाला, तोवर शह बसला नसेल तर, आयुष्यात एकदा घोड्यासारखी उडी. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर ज्या घरात पोचलं त्या घराची सोंगटी होणार, हवा तो वजीर मिळणार नाही. आणि प्याद्याने मात केली तर आप्पा त्या दिवशी चहा पाजत. मी जळगावला कॉलेजात जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ नियम शिकून आलो आणि मोठ्या ऐटीत राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. आप्पांनी ते उचलून एक घर मागे ठेवलं.

‘‘दोन घर कसाले? त्याले काय गाडी धरनी शे?’’

आणि मग तंबाखू मळायला घेतली. आप्पांची तंबाखू ही एक स्वतंत्र खेळी होती. डाव अडला की तळहातावर चुना, अंगठा आणि नजर पटावर. त्या दहा मिनिटांत समोरच्याचा धीर सुटायचा. मी घाई केली की म्हणत, ‘‘घाई कसाले करस रे पोऱ्या? राजा काय पयी जाई राह्यना?’’ राजा पळून जात नसे हे खरं, पण माझा बहुतेक वेळा पुढच्या पंधरा खेळींत मरत असे.

एका वर्षी गावच्या बँकेत पुण्याकडचे एक साहेब आले. त्यांच्याकडे बुद्धिबळाचं पुस्तक होतं. गावात ही बातमी पिकविम्याइतकी पसरली. संध्याकाळी साहेब ओट्यावर आले, नियमांवरून बोलणी झाली. प्यादं दोन घरं चालेल, राजाची उडी बंद. आप्पांनी सगळं मान्य केलं. ‘‘तुमनं राज्य, तुमना कायदा.’’ पहिले काही दिवस आप्पा हरले. मग एक जिंकले, मग दोन हरले, असं चाललं. साहेब डाव झाला की खिशातून लहानशी डायरी काढून सगळ्या खेळ्या लिहून घेत. आप्पांना त्याचं नवल वाटे. ‘‘लिखीसन काय करशात साहेब?’’ साहेब नुसते हसत. एक गोष्ट मात्र आम्हा पोरांच्याही लक्षात आली होती. आप्पा जिंकले त्या दिवशी साहेबांचं पेन चालत नसे. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली आणि डायरीही त्यांच्याबरोबर गेली.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते मागच्या उन्हाळ्यात, जळगावात, एका हॉलच्या बाहेर. मुलीची स्पर्धा होती. जळगावात हल्ली लहान मुलांच्या बुद्धिबळाच्या स्पर्धा सतत असतात, आणि त्या नेमक्या मे महिन्यात असतात. पालकांना आत सोडत नाहीत. आम्ही सगळे बाहेर कडुनिंबाखाली, डोक्याला रुमाल बांधून, बाटलीतलं गरम पाणी पीत बसलेलो. आपलं पोर आत काय करतंय हे कळत नसतं, तरी प्रत्येकाचा चेहरा असा की पुढची खेळी त्यालाच करायची आहे. मुलगी बाहेर आली, नोंदीचा कागद प्रशिक्षकांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘छान, ग्रुनफेल्ड खेळलीस.’’

मी डोकावून पाहिलं. घोडा बाहेर. घोड्यापुढचं प्यादं एक घर. उंट त्या कोपऱ्यात, लांबच्या तिरक्या वाटेवर. ही तर आप्पांची मांडणी! फक्त मधलं वजिरापुढचं प्यादं दोन घरं गेलेलं. ग्रुनफेल्ड कोण म्हणून रात्री शोधायला बसलो आणि भलत्याच माणसापाशी जाऊन पोचलो.

एर्न्स्ट ग्रुनफेल्ड व्हिएन्नाचा. त्याने १९२२ साली ही पद्धत आणली आणि त्याच वर्षी तिच्या जोरावर अलेखाइनला हरवलं. अलेखाइन पुढे जगज्जेता झाला, तेव्हा पद्धतीचं नाव पक्कं होणारच. नंतर जगज्जेता झालेल्या फिशरने १३ वर्षांचा असताना, १९५६ साली, डोनाल्ड बर्नविरुद्धचा आपला गाजलेला डाव याच घडणीत खेळला. कास्पारोव्हने ती कारपोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात वापरली. पण याच खेळ्यांचा सगळ्यात जुना ज्ञात डाव आहे १८५५ सालचा. म्हणजे ग्रुनफेल्डच्या ६७ वर्षं आधीचा. गाव कलकत्ता. पांढरे घेऊन जॉन कॉक्रेन आणि काळे घेऊन महेशचंद्र बॅनर्जी.

कॉक्रेन स्कॉटिश बॅरिस्टर, कलकत्त्यात वकिली करायचा. साधासुधा खेळाडू नव्हे. रजेवर लंडनला गेला तेव्हा त्या काळचा अव्वल इंग्लिश खेळाडू स्टाँटन याच्याशी शेकडो डाव खेळून आला होता. कलकत्त्यात त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं. १८४८च्या सुमारास तिथल्या चेस क्लबच्या एका सभासदाला कळलं, की मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेर खेड्यात, एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कुणाकडून हरलेला नाही. त्याला शोधून कॉक्रेनपुढे बसवलं. तिथून १८६०पर्यंत दोघे शेकडो डाव खेळले. हाच महेशचंद्र. इंग्रजी मासिकांत त्याचं नाव ‘मोहेशचंदर’ असं छापून यायचं, बरेचदा पुढेमागे ‘ब्राह्मण’ एवढीच ओळख.

आजवर न हरलेला हा माणूस कॉक्रेनशी बहुतेक डाव हरला. काही जिंकलाही, पण पारडं कॉक्रेनचंच जड. त्यात नवल नाही. आयुष्यभर एक घर चालणारं प्यादं हाताळलेल्याला उतारवयात कुणी सांगितलं की आता ते दोन घरं चालतं, तर पहिल्या चार खेळ्यांतच त्याचं गाव पेटतं. त्या काळच्या युरोपात खेळ होता तलवारीचा. मधली प्यादी धाडकन समोरासमोर, सोंगट्या फेकायच्या, राजावर धावून जायचं. आपल्याकडे प्यादं एकेक घर सरकणारं, म्हणून सुरुवातीला कुणी कुणाला भिडतच नसे. दोघे आपापल्या घरात मांडामांड करत बसत. आणि एक घर चालणाऱ्या प्याद्याने उंटाला बाहेर काढायची सगळ्यात स्वस्त वाट कोणती? घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवा आणि उंट त्याच्या रिकाम्या घरात बसवा. तो न हलता सगळ्या पटावर नजर ठेवतो. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

युरोपला हे शहाणपण पहिल्या महायुद्धानंतर सुचलं. मधली घरं व्यापू नका, लांबून त्यांच्यावर मारा ठेवा. निमझोविच, रेटी, ग्रुनफेल्ड यांनी त्याचं शास्त्र केलं आणि नाव पडलं ‘हायपरमॉडर्न’, अतिआधुनिक. आमच्या ओट्यावर याला कुणी आधुनिक म्हटलं असतं तर आप्पांनी मशीनचं चाक थांबवून बघितलं असतं.

मी तो १८५५चा डाव मुलीच्या पटावर मांडला. महेशचंद्राने त्यात साहेबाचा नियम आणि आपली सवय असं दोन्ही घेतलं आहे. उंट कोपऱ्यात देशी पद्धतीने, आणि मधलं प्यादं दोन घरं, विलायती. डाव बराच वेळ बरोबरीचा वाटतो. मग सतराव्या खेळीला कॉक्रेनचा घोडा काळ्याच्या राजाजवळ येऊन उभा राहतो आणि महेशचंद्र चुकतो. पांढऱ्याचा उंट समोर दिसतो तो मारतो. घोडा आत घुसतो. तरी महेशचंद्र आपला घोडा पांढऱ्या वजिरावर नेतो, बहुधा वजीर पळेल या हिशोबाने. वजीर पळत नाही. त्याच्या रेषेतून घोडा बाजूला होतो, दोघांचा एकदम शह, राजा कोपऱ्यात. मग पांढरा वजीर राजाच्या शेजारी जाऊन फुकट मरतो, त्याला मारायला काळा हत्ती राजाला चिकटून उभा राहतो, आणि घोडा परत येऊन मात देतो. कोपऱ्यातल्या राजाभोवती तीन घरं. एकात आपला हत्ती, एकात आपलं प्यादं, आणि तिसऱ्यात तोच उंट. एवढ्या प्रेमाने बसवलेला उंटच शेवटी राजाच्या दारात आडवा. मी तो डाव चार वेळा मांडला आणि चारही वेळा सतराव्या खेळीला माझा हात त्या उंटापाशी थांबला.

आणखी एक गंमत. याच दोघांच्या १८४८च्या एका डावात कॉक्रेनने चौथ्याच खेळीला घोडा देऊन टाकून हल्ला चढवला. ती चाल आजही पुस्तकांत ‘कॉक्रेन गँबिट’ म्हणून आहे. आणि महेशचंद्र ज्या पद्धतीने बचाव करायचा तिला नाव पडलं ‘इंडियन डिफेन्स’. एकाच पटावर बसलेल्या दोघांपैकी एकाला नाव मिळालं आणि दुसऱ्याला देश. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निमझो-इंडियन, बोगो-इंडियन... जगभरची पोरं रोज म्हणतात. त्यातला ‘इंडियन’ ज्याच्यामुळे आला त्याच्या नावाची जागा मात्र तळटिपेत. तरी मला कॉक्रेनचा राग येत नाही. ते डाव टिपले गेले म्हणून तर महेशचंद्र आहे.

त्याच जातकुळीचा दुसरा माणूस सुलतान खान. पंजाबातला, हाही देशी नियमांवर वाढलेला, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, असतो, आखाजीला त्याचं साल ठरतं. मला तो तसाच वाटतो. मालक लंडनला निघाले, हाही निघाला. १९२९ साली पोचला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद जिंकलं, पुन्हा १९३२ आणि १९३३ला. मधे हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. मग मालक परतले, तोही परतला. १९३५ साली आपले बुद्धिबळपटू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी तो दहा डाव खेळला. नऊ जिंकला, एक बरोबरीत सुटला. मला त्या बरोबरीबद्दल फार कुतूहल आहे. खाडिलकरांनी त्या रात्री घरी जाऊन काय सांगितलं असेल? नऊ हरलो म्हणून, की एक वाचवला म्हणून? सुलतान खान १९६६ साली सरगोध्यात गेला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली. एवढ्या उशिरा आमच्याकडे फक्त नुकसानभरपाई येते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कडुनिंब. शेवटच्या दोन फेऱ्यांच्या मधे मुलगी डबा खात होती. मी तिला आप्पांचं सगळं सांगितलं. शिवलेला पट, रीळ, साहेबांची डायरी. आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पट आहे अजून. त्यांच्या सूनबाई तो शिलाई मशीनवर धूळ बसू नये म्हणून टाकतात. रीळ कुठे गेलं कुणाला माहीत नाही.

‘‘तुझा आप्पांशी एखादा डाव सांग ना,’’ ती म्हणाली आणि नोंदीची वही उघडली. ‘‘मी लिहिते.’’

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी दोन-अडीचशे डाव खेळलो असेन. त्यातला एक तरी, निदान जिंकलेला? मला बटव्याची नाडी आठवत होती, चुन्याची डबी आठवत होती, मशीनच्या चाकावर विसावलेला त्यांचा डावा हात आठवत होता.

‘‘मी पांढरे. राजापुढचं प्यादं.’’

‘‘दोन घरं?’’

‘‘मी दोन टाकलं. त्यांनी उचलून एक केलं.’’

ती हसली. एक घर लिहिलं. ‘‘काळ्याचं?’’

‘‘घोड्यापुढचं प्यादं. एक घर.’’

‘‘मग?’’

‘‘मग त्यांनी तंबाखू मळली.’’

‘‘बाबा, ते कसं लिहिणार?’’

तेवढ्यात पुढच्या फेरीची यादी भिंतीवर लागली. ती हात पुसत पळाली. वही माझ्या मांडीवर उघडीच राहिली, पहिल्या ओळीत दोन खेळ्या आणि खाली एकोणचाळीस रिकाम्या ओळी.